काच पुसणाऱ्याची धोकटी

प्रत्येक कारागिराची ओळख त्याच्या हत्यारांवरून पटते. रंधा, पटाशी आणि करवत दिसली की जवळपास सुतार असला पाहिजे, हे कोणाला सांगावे लागत नाही. करणी, थापी आणि ओळंबा दिसला की गवंडी आठवतो. ऐरण आणि भाता दिसला की लोहार. पूर्वी न्हावी आपली हत्यारे एका लहानशा पिशवीत घालून घरोघर जात असे. त्या पिशवीला 'धोकटी' म्हणत. धोकटी काखेत मारली की त्याचे सारे दुकान त्याच्याबरोबर चालू लागे. आज आपण अशाच एका चालत्या दुकानाची ओळख करून घेणार आहोत. खिडक्यांच्या आणि दुकानांच्या काचा स्वच्छ करणे हा ज्याचा व्यवसाय, त्या माणसाची धोकटी आपण उघडून पाहणार आहोत.

'काच पुसणे हा काय व्यवसाय झाला?' असे तुमच्यापैकी कोणी विचारील. फडके पाण्यात बुडवावे, पिळावे, काचेवरून फिरवावे, झाले काम! परंतु एकदा असे करून पाहा आणि उन्हे त्या काचेवर पडेपर्यंत थांबा. काचेवर फडक्याच्या फेऱ्यांचे पट्टे दिसतील, पाण्याच्या थेंबांचे पांढरे डाग दिसतील, फडक्याचे तंतू चिकटलेले दिसतील. काच ही मोठी चहाडखोर वस्तू आहे. भिंतीवरचा मळ भिंत काही काळ झाकून ठेवते. काच मात्र आपला मळ आणि पुसणाऱ्याची चूक, दोन्ही उजेडात मांडते. म्हणूनच हे काम नीट शिकावे लागते आणि म्हणूनच ते नीट करणाऱ्याला लोक आनंदाने मोल देतात.

जालना जिल्ह्यातील अंबड हे तालुक्याचे गाव घ्या. माशाच्या आकाराच्या टेकडीवर असलेल्या मत्स्योदरी देवीच्या मंदिरामुळे हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातील अशा जुन्या गावांतील वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि लोखंडी गज असत. काचा क्वचितच असत. झडप उघडली की उजेड आणि धूळ बरोबरच आत येत. आता काळ पालटला आहे. तालुक्याच्या गावी दुकानांना, दवाखान्यांना आणि बँकांना काचेची दारे आली. घरांना सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या. धूळ मात्र पूर्वीचीच राहिली. उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानांतून उठणारी वावटळ आणि रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांचा धुरळा काचांवर येऊन बसतो. जेथे काच वाढली आणि धूळ आहे, तेथे काच पुसणाऱ्याला काम आहे.

समजा, अशा गावातील एका तरुणाने हा व्यवसाय करावयाचे ठरवले. त्याचे शिक्षण पुरे झाले आहे, घरी वृद्ध आईवडील आहेत. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला निघतात. कित्येक तरुण पुण्यामुंबईची वाट धरतात. आपल्या तरुणाला गाव सोडावयाचे नाही. त्याच्यापाशी भांडवल थोडे आहे. त्यामुळे त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो असा, की आधी काय घ्यावे, मागाहून काय घ्यावे, आणि काय मुळीच घेऊ नये? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर कष्टाचे पैसे वाया जातील. आणि शिडीच्या बाबतीत चुकले, तर जिवावरही बेतेल.

हत्यारांकडे वळण्यापूर्वी ज्या वस्तूवर ती चालवावयाची, तिची थोडी माहिती हवी. काच ही मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून होते. हे मिश्रण भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्याचा रस होतो. महाराष्ट्राला काचेचा उद्योग नवा नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या 'पैसा फंडा'तून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर पोहोचला. वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगत ठेवून आरशासारखी सपाट काच करण्याची युक्ती इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. आजच्या खिडक्यांच्या काचा बहुधा त्याच रीतीने होतात.

त्या कंदिलाची काच पुसण्याचे काम पूर्वी घरातील मुलांकडे असे. दिवेलागणीपूर्वी चुलीतील बारीक राख फडक्यावर घेऊन ते काजळी पुसून काढीत. यात एक शास्त्र होते. लाकडाच्या राखेत अल्कधर्मी पदार्थ असतात आणि ते तेलकटपणा सोडवतात. साबणही तेच काम करतो. परंतु राखेत वाळूचा एखादा खडा राहिला, तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. वाळूचा कण बारीक असला तरी काचेपेक्षा कठीण असतो. काच पुसणाऱ्याने आरंभीच गाठीला बांधावयाचा नियम तो हाच: कोरडी धूळ काचेवर कधी घासू नये. घासली तर मळ जाईल, पण ओरखडा राहील.

म्हणून धोकटीतील पहिले हत्यार म्हणजे मऊ केसांचा एक ब्रश. त्याने चौकटीच्या कडा, कोपरे आणि सरकत्या खिडकीच्या खाचा हलक्या हाताने झाडून घ्याव्यात. कोपऱ्यातील कोळिष्टके आणि खाचेतील माती आधी काढली नाही, तर पाणी लागताच तिचा चिखल होतो आणि पुसलेल्या काचेवर त्याचे ओघळ येतात.

दुसरी वस्तू म्हणजे बादली. ती रुंद तोंडाची असावी, म्हणजे हातातील दांडा आत सहज बुडतो. बादली जेथे ठेवावयाची तेथे खाली एक जुने फडके अंथरावे. त्यामुळे दुसऱ्याच्या घरातील फरशीवर पाण्याची वर्तुळे उमटत नाहीत.

बादलीत पाणी कोणते घ्यावे, याला फार महत्त्व आहे. मराठवाड्याची भूमी काळ्या बेसाल्ट पाषाणाची आहे. त्या पाषाणाच्या भेगांतून झिरपून विहिरीत येणारे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. त्यात साबणाला सहज फेस येत नाही. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळून जाते आणि क्षार मागे राहतात. काचेवरील पांढरे ठिपके ते हेच! यावर उपाय दोन. एक, शक्य तेव्हा सुफेन पाणी वापरावे. पावसाळ्यात पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर पागोळ्यांचे पाणी साठवता येते, ते या कामी उत्तम. दुसरा उपाय असा, की पाणी काचेवर वाळू देऊच नये. ते वाळण्यापूर्वी निपटून काढावे. हा दुसरा उपाय म्हणजेच या व्यवसायाचे सारे रहस्य होय.

साबण किती घालावा? नवशिक्या माणसाला वाटते, जितका फेस अधिक तितकी काच स्वच्छ. वस्तुस्थिती उलट आहे. अर्ध्या बादलीला भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे काही थेंब पुरतात. साबण अधिक झाला तर त्याचाच पातळ थर काचेवर राहतो आणि नवी धूळ त्यालाच चिकटते.

तिसरे हत्यार म्हणजे पाणी लावण्याचा दांडा. इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या या दांड्याला जाड, लवदार कापडाची खोळ चढवलेली असते. ती पाणी धरून ठेवते आणि काचेवर सारखे पसरते. खोळ मळली की काढून धुता येते. आपल्या तरुणाने ही खोळ विकत घेण्याऐवजी जुन्या जाड टॉवेलची शिवून घेतली, तरी आरंभी चालेल. मात्र तिची शिवण आणि गुंड्या आतल्या बाजूस असाव्यात.

आता या धोकटीतील राजा पाहू. लोक त्याला 'वायपर' म्हणतात. मूठ, मुठीला जोडलेली धातूची सरळ पन्हळ आणि पन्हळीत बसवलेली रबराची पट्टी, एवढीच त्याची रचना. घरातील फरशीचे पाणी ओढण्याचा वायपर तुम्ही पाहिला आहे; काचेचा वायपर हा त्याचाच नाजूक भाऊ. फरशीच्या वायपरची पट्टी जाड आणि ओबडधोबड असते. काचेच्या वायपरची कड मात्र सरळ आणि धारदार असावी लागते.

या लहानशा हत्याराला इतिहास आहे. पूर्वी अमेरिकेत काचा पुसण्यासाठी जड पोलादी वायपर वापरीत. त्याला रबराच्या दोन पट्ट्या असत आणि त्या बदलण्यासाठी एकामागून एक बारा स्क्रू सैल करावे लागत. इटलीहून अमेरिकेत गेलेला एत्तोरे स्तेक्कोने हा स्वतः काचा पुसण्याचे काम करी. त्या जड हत्याराने त्याचा हात भरून येई. विचार करता करता त्याने पितळेचा, हलका आणि एकाच पट्टीचा वायपर घडवला. १९३६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी तयार झालेली ही रचना आज जगभर थोड्याफार फरकाने तशीच वापरली जाते. हा शोध कोणा मोठ्या प्रयोगशाळेत लागलेला नाही. रोज हातात हत्यार धरणाऱ्या माणसाला त्यातील उणीव जाणवली आणि त्यानेच ती दूर केली.

हे यश पट्टीच्या रबराचेही आहे. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची रीत शोधली, तेव्हा ते टिकाऊ आणि लवचीक झाले. लवचीक असल्यामुळे पट्टीची कड काचेला सर्वत्र सारखी टेकते आणि पाण्याचा सारा थर, त्यात सुटलेल्या मळासह, पुढे ढकलत नेते. फडके मळ पसरवते. वायपर मळ काचेबाहेर काढतो. या दोहोंतील भेद लक्षात आला म्हणजे वायपरला राजा का म्हटले, ते कळेल.

वायपर चालवण्याची रीत अशी. प्रथम साबणाच्या पाण्याने सारी काच भिजवावी. मग वरच्या कडेलगतची एक बारीक पट्टी कापडाने कोरडी करावी, म्हणजे वायपर कोरड्या जागेपासून निघतो आणि वरून थेंब ओघळत नाही. मूठ किंचित तिरपी धरून एका संथ ओढीत वरून खाली यावे. प्रत्येक ओढीनंतर पट्टी कापडाने पुसावी. पुढची ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढती घ्यावी. नाही तर दोहोंच्या मध्ये पाण्याची रेघ राहते. शेवटी तळाशी जमलेले पाणी आणि चौकटीची कड पुसून घ्यावी. सुमारे ३५ सेंटिमीटर रुंदीचा एक वायपर आरंभी पुरेसा आहे. लहान चौकोनांच्या खिडक्यांसाठी पुढे एक लहान वायपर घ्यावा.

मूठ वर्षानुवर्षे टिकते, पट्टी मात्र झिजते. तिच्या कडेवर केसाएवढी खाच पडली, तरी प्रत्येक ओढीत पाण्याची एक रेघ मागे राहते. अशा वेळी पट्टी उलटून तिची दुसरी कड वापरावी आणि तीही झिजली की पट्टी बदलावी. पट्टी उन्हात पडू देऊ नये. नांगराच्या फाळाची काळजी न घेणारा शेतकरी आणि पट्टीची काळजी न घेणारा काच पुसणारा, दोघांचीही मेहनत दुप्पट होते.

पाचवी वस्तू म्हणजे कापड. इंग्लंडमधील जुने कारागीर यासाठी अंबाडीसारख्या तंतूंचे विरळ विणीचे कापड वापरीत. ते पाणी शोषी आणि तंतू मागे सोडीत नसे. आपल्याकडे त्याच्या तोडीची वस्तू घरातच सापडते. ती म्हणजे शंभरदा धुतलेले जुने सुती धोतर! नव्या कापडात खळ असते, त्यामुळे ते पाणी नीट शोषत नाही. जुने धोतर मऊ झालेले असते आणि त्याचे सुटे तंतू केव्हाच निघून गेलेले असतात. त्याचे हातभर चौकोन कापून कडा दुमडून शिवाव्यात. एक चौकोन पट्टी पुसण्यासाठी, एक काचेच्या कडांसाठी आणि एक चौकटीच्या मळासाठी असावा. चौकटीचे कापड काचेला लावू नये.

सहावे हत्यार जपून वापरावयाचे आहे. ते म्हणजे खरवडण्याचे पाते. काचेवर पडलेला रंगाचा थेंब किंवा जुन्या जाहिरातीचा डिंक साबणाने निघत नाही. तेव्हा हे पाते कामास येते. काच ओली करून पाते एकाच दिशेने, पुढे ढकलीत न्यावे. मागे ओढू नये. मागे ओढले तर पात्याखाली अडकलेला कण ओरखडा पाडतो. गंजलेले पाते वापरू नये. दाराच्या कडक केलेल्या काचेवर कधी कधी न दिसणारे बारीक कण घट्ट बसलेले असतात. पात्याने ते सुटले तर ओरखडे उठतात. म्हणून मालकाला विचारल्यावाचून आणि कोपऱ्यात थोडे करून पाहिल्यावाचून पाते लावू नये. काच दुसऱ्याची आहे, याचे भान सुटता कामा नये.

क्षारांचे जुने डाग साबणाने जात नाहीत. त्यांवर लिंबाचा रस किंवा सिरका लावला तर आम्लामुळे चुन्याचे क्षार विरघळतात. परंतु येथेही सावध असावे. आपल्याकडे खिडकीखाली पुष्कळदा शहाबादी फरशी असते. ती चुनखडीच्या दगडाची असल्यामुळे आम्लाचे थेंब तिच्यावर पडले की तिची झिलई जाते. खिडकी लखलखीत आणि फरशी डागाळलेली, अशी गत होऊ नये म्हणून आधी खाली जाड कापड अंथरावे.

आता सर्वांत महत्त्वाच्या वस्तूकडे वळू. ती म्हणजे शिडी. तरुणाला वाटेल, उंच काचांचे काम मिळवावयाचे तर आधी उंच शिडी घ्यावी. परंतु शहाणा कारागीर आधी लांब काठी घेतो. वायपर आणि पाणी लावण्याचा दांडा काठीच्या टोकाला बसवता येतात, आणि पाय जमिनीवर ठेवूनच पहिल्या मजल्यापर्यंतच्या पुष्कळ काचा पुसता येतात. इंग्लंडमध्ये २००५ साली उंचीवरील कामाविषयी जे नियम झाले, त्यांचे पहिले सूत्र हेच आहे, की जे काम जमिनीवरून होण्याजोगे आहे, त्यासाठी वर चढू नये. तेथील अनेक कारागीर आता लांब नळीच्या काठीला ब्रश लावून क्षार काढून टाकलेल्या शुद्ध पाण्याने काचा धुतात. त्या पाण्यात क्षारच नसल्यामुळे ते वाळले तरी डाग उरत नाहीत आणि पुसण्याची गरज भासत नाही. हे साहित्य महाग आहे; आरंभी त्याच्या मागे लागू नये. परंतु त्यामागील शास्त्र आपण पाण्याच्या चर्चेत पाहिलेच आहे.

शिडी लावणे अटळच झाले, तर चार नियम पाळावेत. शिडी जेथे टेकते ती उंची ४ मीटर असेल, तर तिचा पाया भिंतीपासून १ मीटर दूर असावा. पाया याहून जवळ असला तर शिडी मागे उलटते, दूर असला तर ती घसरते. शिडी काचेवर टेकवू नये, भिंतीवर टेकवावी. खाली कोणीतरी ती धरून उभे असावे. आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांबाहेर अंग झुकवून हात लांबवू नये. चार पायऱ्या उतरावे, शिडी सरकवावी आणि पुन्हा चढावे. जवळपास विजेच्या तारा असतील तर तेथे लोखंडी अथवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी नेऊच नये. उतरण्याचढण्यात गेलेली दोन मिनिटे परत मिळवता येतात; मोडलेला पाठीचा कणा परत मिळत नाही.

मुंबईसारख्या शहरांत उंच इमारतींच्या काचा पुसणारे कामगार दोरावर किंवा लोंबत्या पाळण्यातून काम करतात. दोरावर काम करणाऱ्याला दोन दोर असतात, एक कामाचा व दुसरा जीव राखण्याचा. त्याचे प्रत्येक हत्यारसुद्धा दोरीने बांधलेले असते, कारण उंचावरून निसटलेला वायपर खालच्या वाटसरूचा प्राण घेऊ शकतो. दुबईची बुर्ज खलिफा ही ८२८ मीटर उंचीची इमारत २०१० साली खुली झाली. तिच्या २४,००० हून अधिक काचा एकदा पुसून काढण्यास तीन ते चार महिने लागतात. असे काम खास शिक्षण घेतलेल्यांचेच आहे. नवशिक्याने त्याचे धाडस करू नये. आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास २०१६ सालच्या सुधारित कायद्याने मनाई आहे. शाळा सांभाळून घरच्या खालच्या खिडक्यांच्या काचा पुसण्यात आईवडिलांना हातभार लावणे निराळे. परंतु शिडीवर चढणे हे तुमचे काम नव्हे.

हत्यारे झाली. आता वेळ आणि हिशोब यांचा विचार करू. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. तापलेल्या काचेवर साबणाचे पाणी लावताच वाळते आणि डाग पडतात. म्हणून सकाळी पश्चिमेकडील आणि दुपारनंतर पूर्वेकडील काचा घ्याव्यात. सावली जेथे असेल तेथे काम करावे.

या व्यवसायाचे उत्पन्न एकदाच्या कामावर उभे राहत नाही; ते रतीबावर उभे राहते. गवळी जसा ठरल्या वेळी दूध घालतो, तसा काच पुसणारा ठरल्या दिवशी ठरल्या दुकानी गेला पाहिजे. समजा, एका दुकानाला १२ काचा आहेत, एका काचेस १० रुपये ठरले आणि महिन्यातून २ वेळा काम मिळाले. म्हणजे त्या दुकानाचे महिन्याला २४० रुपये झाले. अशी १५ दुकाने जोडली तर ३,६०० रुपये होतात. हे आकडे केवळ हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत. परंतु त्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, आरंभीच्या एवढ्या गिऱ्हाइकांवर संसार चालणार नाही. जोडीला दुसरे काम ठेवून गिऱ्हाईक वाढवावे लागेल. दुसरी, एक दुकान नाराज झाले तर एका दिवसाचे नव्हे, वर्षभराचे उत्पन्न बुडते. म्हणून पट्ट्या, साबण आणि कापड यांचा खर्च एका वहीत लिहावा. ती वही हेही धोकटीतील एक हत्यारच होय.

पाण्याचाही हिशोब ठेवावा. २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे मराठवाड्याने विसरू नये. नळी लावून दुकानाची काच धुणारा माणूस जितके पाणी रस्त्यावर सोडतो, त्याच्या अल्पशा भागात वायपरवाला तीच काच अधिक स्वच्छ करतो. उरलेले मळके पाणी गटारात न ओतता दारातील झाडाच्या आळ्यात घालावे. मात्र त्यात सिरका मिसळलेला नसावा.

आणखी एक वस्तू धोकटीत दिसत नाही, पण तिच्यावाचून धोकटी रिकामीच म्हणावी लागेल. काच पुसणाऱ्याला दुसऱ्याच्या घरातील सारे दिसते. कोणाच्या घरी काय आहे, कोण आजारी आहे, पेटी कोठे ठेवली आहे, हे त्याच्या दृष्टीस पडते. त्याने काचेकडे पाहावे. काचेपलीकडे पाहू नये, आणि पाहिले तर बोलू नये. कामास हात लावण्यापूर्वी काचेला तडा असेल तर तो मालकाला दाखवावा. आपल्या हातून ओरखडा पडला तर मालकाला कळण्यापूर्वी आपणच सांगावा. हत्यारे बाजारात कोणालाही मिळतात. विश्वास मात्र दुकानात विकत मिळत नाही. तो एकेका काचेगणिक मिळवावा लागतो.

ब्रश, बादली, दांडा, वायपर, कापड, पाते, काठी आणि हिशोबाची वही एवढ्या सामग्रीवर एक तरुण आपल्या गावात स्वतःच्या कष्टाचे अन्न मिळवू लागतो. ही सारी हत्यारे एका सायकलीवर मावतात. पुढच्या वेळी कोणा दुकानाच्या दाराशी तुम्हांला काच पुसणारा दिसला, तर क्षणभर थांबा. त्याच्या मनगटाची संथ ओढ पाहा, प्रत्येक ओढीनंतर पट्टी पुसण्याची त्याची शिस्त पाहा. आणि त्याने पुसलेल्या काचेवर विनाकारण बोटे उमटवू नका.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'धोकटी' कशाला म्हणत?
(आ) एकाच पट्टीचा पितळी वायपर कोणी व कोणत्या साली घडवला?
(इ) काच पुसण्यास नव्या कापडापेक्षा जुने धोतर चांगले का?

२. कारणे द्या.
(अ) कोरडी धूळ काचेवर घासू नये.
(आ) शहाबादी फरशीवर सिरका पडू देऊ नये.
(इ) शहाणा कारागीर शिडीपूर्वी लांब काठी घेतो.

३. शिडी जेथे टेकते ती उंची ६ मीटर असल्यास तिचा पाया भिंतीपासून किती दूर असावा? पाठात दिलेल्या प्रमाणावरून काढा.

४. 'विश्वास एकेका काचेगणिक मिळवावा लागतो' या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: गाठीला बांधणे, जिवावर बेतणे, हातभार लावणे, भान सुटणे.

६. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या हत्यारांची नावे, त्यांचे उपयोग आणि तो त्यांची कशी निगा राखतो, हे त्याच्याकडून समजून घेऊन वहीत लिहा.